इलोनाबरोबर शिकागोला

ॲन आर्बर

फलटणच्या सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर रिकामा दिवस कसा घालवायचा हे मला ठाऊकच नव्हतं. जानेवारीत मी मुलीकडे, सायलीकडे, ॲन आर्बरला पोचले आणि पहिला आठवडा नुसता खिडकीशी गेला. बर्फ पडायचा, पण आवाज यायचा नाही. आभाळातून एवढं सगळं खाली येतंय आणि कुणाला त्याची चाहूल नाही, हे बघता बघता डोळ्यांवर झापड यायची. सायली सकाळी आठला लॅबमध्ये जाई. ती पोलादावर संशोधन करते, थंडीत त्याला तडा कसा जातो ते बघते. संध्याकाळी येऊन म्हणे, "आई, बाहेर पड ना जरा. समोरून बस जाते. शेवटच्या स्टॉपपर्यंत जा आणि त्याच बसने परत ये. हरवणार नाहीस."

म्हणून एके दिवशी स्वेटरवर स्वेटर चढवून मी बसमध्ये चढले, आणि स्टिअरिंगवर माझी आत्या बसलेली दिसली. आत्याला जाऊन वीस वर्षं झाली. पण तोच सावळा रंग, तीच रुंद कपाळाची ठेवण, टोपीखालून निघालेली तशीच जाड वेणी. मी नकळत मराठीत म्हणाले, "बरं आहे ना?" ती हसली आणि तिने मान हलवली.

आत ऊब होती. काचांवर वाफ धरलेली. त्यातून बाहेरची घरं, सायकलींवर साचलेले बर्फाचे ढीग, पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं, सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. शेवटच्या स्टॉपवर मी उतरले नाही. ती उठून मागे आली आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना? कुठे जायचंय?"

"कुठेच नाही," मी म्हणाले. माझं इंग्रजी दवाखान्यातलं, तुटक पण सरळ. "परत जायचंय."

तिने डबा उघडला. बस सुटायला दहा मिनिटं होती. खाता खाता तिने बाटली उचलली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पानी?"

मला वाटलं, भारतीय बाई पाहून हिंदी बोलते आहे. म्हटलं, "कुठल्या तुम्ही? पंजाब?"

"स्लोव्हाकिया," ती म्हणाली. "सगळे पंजाबच म्हणतात. नाहीतर मेक्सिको. मी कुणाला दुरुस्त करत नाही. पण 'पानी' हा आमच्या घरातला शब्द आहे. मी रोमा आहे." हे शेवटचं वाक्य तिने बस रिकामी असूनही हळूच म्हटलं.

तिचं नाव इलोना. पुढचे पंधरा दिवस मी रोज तिच्याच बसने फिरले. रोमांचे पूर्वज हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून निघून गेले, हे मी कधीतरी कुठेतरी वाचलं होतं. माझ्या उत्साहाला भरतंच आलं. नाक, कान, केस, एकेका अवयवाला बोट लावून मी तिला शब्द विचारायची आणि जुळला की टाळी वाजवायची. "म्हणजे तुम्ही आमच्याच!" असं मी दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तिने वायपर चालू केले आणि समोर बघत म्हणाली, "आमच्या गावात भिंतीवर लिहायचे, 'भारतात परत जा.' मला ते वाक्य आवडत नाही, कमल. कुणीही म्हटलं तरी."

दुसऱ्या दिवशी मी शब्द विचारले नाहीत. मग तिनेच आपली गोष्ट सांगितली.

सहा वर्षांची असताना तिची शाळेत एक परीक्षा झाली आणि तिला मंदबुद्धी ठरवलं गेलं. गावातल्या रोमा वस्तीतली जवळजवळ सगळीच पोरं तशी ठरायची. त्यांची शाळा वेगळी. तिथे आठवीपर्यंत रंगीत कागद कापायचे, फडकी शिवायची. पुढचं शिक्षण नाही. विसाव्या वर्षी ती मुलं सांभाळायच्या कामावर अमेरिकेत आली. इथेच लग्न केलं, ते इथेच मोडलं. रात्रीच्या वर्गांना जाऊन शिकली आणि बसचं लायसन्स पहिल्या झटक्यात काढलं. वेगळ्या शाळेबद्दल तिने इथे कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

आता तिच्या बहिणीची मुलगी क्लारा सहा वर्षांची झाली होती. तीच परीक्षा, तीच शाळा. पण या वेळी बहीण कोर्टात गेली होती. तिकडच्या वकिलांना दाखवून द्यायचं होतं की ही शाळा पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहे. त्यासाठी इलोनाचा शपथेवरचा जबाब हवा होता. शिकागोत एक वकीलबाई तो शनिवारी नोंदवून घेणार होत्या.

"कोर्टाचे कागद सगळ्यांना वाचता येतात," इलोना म्हणाली. "माझ्या नावापुढे 'मंदबुद्धी' लिहिलेलं असेल. उद्या बसमधला कुणी ते वाचेल."

नेमकं त्याच शनिवार-रविवारी सायली मला शिकागोला नेणार होती, डेव्हन ॲव्हेन्यूवर खरेदीला. मी म्हटलं, "आमच्याबरोबर चल."

रस्त्यात

शुक्रवारी दुपारी निघालो. मिशिगनची शेतं बर्फाखाली झोपली होती. मधूनच एखादं लाल लाकडी कोठार, त्यापलीकडे काही नाही. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. गाडी चालते आहे की आम्ही थांबलोय आणि पांढरेपणाच मागे सरकतो आहे, अशी शंका यावी. इलोनाने कागदात गुंडाळलेली जाड भाकरी काढली. तिच्याकडे तिला मारिकली म्हणतात. नुसतं पीठ, मीठ, पाणी, शेगडीच्या पत्र्यावर भाजलेलं. मी तुकडा मोडला आणि करपलेल्या पापुद्र्याचा वास आला तशी मी एकदम बाहेर बघायला लागले. असा वास मला फक्त एकाच ठिकाणचा माहीत होता, आणि त्या ठिकाणाबद्दल मी कुणाशी बोलत नसे.

"माझे आजोबा लोहार होते," इलोना सायलीला सांगत होती. "आजी भाता चालवायची."

"वॉव! माझेपण आजोबा आयर्नच्या बिझनेसमध्ये होते," सायली म्हणाली. "हो ना, आई? वर्कशॉप होतं ना त्यांचं?"

"हो," मी म्हणाले.

शिकागो जवळ आलं तसं घड्याळ एक तास मागे गेलं. फुकटचा एक तास मिळाला, म्हणून सायली खूश. मला वाटलं, घड्याळ आणखी थोडं मागे गेलं असतं, तर ते 'हो' मी गिळून टाकलं असतं.

डेव्हनजवळ

वर्षाताईंचं घर डेव्हन ॲव्हेन्यूपासून चालत पाच मिनिटांवर. मूळच्या नागपूरच्या, वीस वर्षांपासून इथे आयटीमध्ये. गणपतीच्या कार्यक्रमात सायलीची ओळख झाली आणि तेव्हापासून त्यांनी तिला मुलीसारखं धरलंय. ड्रायव्हर मैत्रीण सोबत आहे म्हटल्यावर फोनवर म्हणाल्या होत्या, "अहो आणा की! घर काय लहान आहे?" संध्याकाळी जेवायला खास आमच्यासाठी सांबारवड्या केल्या होत्या, कोथिंबिरीने गच्च भरलेल्या, सोबत कढी. इलोनाने चार खाल्ल्या.

"यू लुक सो इंडियन!" वर्षाताई तिला म्हणाल्या. "आर यू शुअर यू आर स्लोव्हाक?"

इलोनाने काटा खाली ठेवला. उद्याची तालीम करत असावी तशी ताठ बसली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी रोमा आहे."

वर्षाताई हसतच राहिल्या. हसता हसता माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे जिप्सी? ताई, आमच्या युरोप ट्रिपमध्ये गाइडने पहिलंच सांगितलं होतं, यांच्यापासून पर्स सांभाळा म्हणून. रक्तातच असतं म्हणे." मग उठल्या, कढीचं भांडं आत नेलं आणि येताना दारातल्या टेबलावरची आपली पर्स उचलून सहज वरच्या खोलीत ठेवून आल्या.

त्या सगळ्या मराठीतून इलोनाला 'जिप्सी' आणि 'पर्स' हे शब्द कळले होते. तेवढे पुरेसे होते. तिने माझ्याकडे पाहिलं. सायलीनेही पाहिलं. मी सांबारवडीचा घास चघळत राहिले.

तळ्याकाठी

सकाळी उठले तर इलोना कोट घालून दाराशी उभी, हातात बॅग. म्हणाली, मिशिगन तळं बघून येते. त्यासाठी बॅग कशाला, असं न विचारता मी तिच्याबरोबर निघाले. डेव्हनवरची दुकानं उघडायची होती. शोकेसमधल्या पुतळ्या साड्या नेसून बर्फाकडे बघत उभ्या होत्या. बसने आम्ही रस्त्याच्या पूर्वेच्या टोकाला गेलो, पुढे थोडं चाललो आणि रस्ता पाण्याशी येऊन संपला.

याला तळं का म्हणतात कोण जाणे. पलीकडचा किनारा नव्हताच. थंडी इतकी, की पाण्यातून वाफा निघत होत्या आणि सूर्य त्यांच्यामागे शिजत ठेवल्यासारखा दिसत होता. काठालगत बर्फाच्या गोल चकत्या तरंगत होत्या, हजारो. लाट आली की एकमेकींवर घासून बारीक किणकिणायच्या. आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. बराच वेळ मला आपण कुठे आहोत, कोण आहोत, याचं भान नव्हतं आणि फार बरं वाटत होतं.

"काल ती काय म्हणाली?" इलोनाने विचारलं.

दवाखान्यात पेशंटला खोटं सांगायची मला सवय होती. काही नाही, बरं वाटेल. तेच ओठांवर आलं. पण तिची बॅग दिसत होती. मी सगळं सांगितलं. पर्स, गाइड, रक्त. शब्दाला शब्द.

तिने मान डोलावली. "मी दुपारच्या बसने परत जाते. जबाब राहू दे. एका जेवणाच्या टेबलावर हे, तर कोर्टात काय होईल?"

"मी गप्प बसले," मी म्हणाले. "का ते विचार."

"का?"

मग मी साठ वर्षांत कुणाला न सांगितलेलं, त्या वाफांकडे तोंड करून, मोडक्या इंग्रजीत सांगितलं. की आम्ही घिसाडी. गाढवांवर संसार लादून गावोगाव फिरणारे. माझ्या वडिलांचं वर्कशॉप नव्हतं. गावाबाहेर कापडाचं पाल होतं, जमिनीत खणलेली भट्टी होती, तिच्याच निखाऱ्यांवर आमची भाकरी व्हायची. दादा म्हणजे माझे वडील सांडशीत लोखंड धरायचे आणि आई घण मारायची, मी पोटात असतानाही. नव्या गावात पाल टाकलं की दादांना आधी पोलीस पाटलाकडे जाऊन माणसं किती, जनावरं किती ते सांगावं लागे. गावात चोरी झाली की आमची पालं पहिली उचकली जात. एका मास्तरांनी मला वसतिगृहात घातलं म्हणून मी शिकले. आमचं आडनाव चव्हाण. चव्हाण म्हटलं की समोरचा मनातल्या मनात माझी जात ठरवून मोकळा होतो. मी कुणाला दुरुस्त करत नाही.

"तू म्हणालीस, भिंतीवर लिहायचे, भारतात परत जा," मी म्हणाले. "आला असतात, तरी गावाबाहेरच राहिला असतात. आमच्या शेजारी."

इलोना माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. रडणं त्यात होतं, पण हसू जास्त. "आणि पंधरा दिवस माझे कान नाक मोजत होतीस!"

"हो."

"मुलीला माहीत आहे?"

"नाही."

ती बर्फावरून दोन पावलं पुढे गेली, परत आली. "ठीक आहे," ती म्हणाली. "मी दुपारी बोलते. तू संध्याकाळी बोल. त्याच टेबलावर." तिने हातमोजा काढून हात पुढे केला. मी माझाही काढला. तळहात गोठत होते, तरी आम्ही घाई केली नाही.

जबाब

वकीलबाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर, साधी. एक टेबल, एक कॅमेरा, फोनवर इंग्रजीचं स्लोव्हाक करणारा दुभाषी. इलोनाच्या विनंतीवरून मला कोपऱ्यात बसू दिलं. नाव, गाव, जन्म.

"परीक्षेत काय विचारलं, आठवतं का?" वकीलबाई म्हणाल्या.

"चित्रं दाखवली. पियानो, छत्री, टेलिफोन. आमच्या वस्तीत यातलं काही नव्हतं. प्रश्न स्लोव्हाकमध्ये होते. मला तेव्हा घरची भाषा सोडून दुसरी येत नव्हती. मग बाईंनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर काय पडतंय, असं विचारत असाव्यात. मला इतका आनंद झाला! हे मला येत होतं. मी ओरडले, 'यिव!' बाईंनी लिहिलं, 'मूल अर्थहीन आवाज काढतं.' तो कागद माझ्या बहिणीने शाळेच्या फायलीतून मिळवलाय."

दुभाष्याने विचारलं, यिव म्हणजे काय?

"बर्फ," इलोना म्हणाली. "बर्फच पडत होता."

मी तोंडावर हात ठेवला. पालात पहाटे दादा गोधडी सावरून म्हणायचे, "कमे, हिंव पडलंय गं, आत सरक." आमचं थंडीचं हिंव तिच्याकडे बर्फाचं यिव होऊन सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी गेलं होतं. बरोबर उत्तर होतं ते.

इलोना पाऊण तास बोलली. शेवटी वकीलबाईंनी विचारलं, नाव गुप्त ठेवायचं का, तशी सोय होऊ शकते. ती कॅमेऱ्याकडे वळली. मग म्हणाली, "नको. पूर्ण नाव लिहा. आणि लिहा की मी बस चालवते."

खाली उतरून आम्ही डेव्हनवर आलो. दुकानं गजबजली होती. गरम जिलबी घेतली, फुटपाथवर उभ्यानेच खाल्ली. पाक तिच्या हातमोज्यांना लागला. दुकानदाराने तिला हिंदीत विचारलं, "बहनजी, और दूँ?" तिने सवयीने मान हलवली आणि मग सावकाश इंग्रजीत सांगितलं, "मी भारतीय नाही. मी रोमा आहे. पण आणखी एक द्या."

त्याच टेबलावर

माझी पाळी आली तेव्हा पिठलं-भात होता. मी काहीच ठरवलं नव्हतं. वर्षाताई तूप वाढत होत्या.

"वर्षाताई," मी म्हणाले, "काल तुम्ही बोललात ते मला लागलं. आम्हालाही लोक तसंच म्हणायचे. आम्ही घिसाडी आहोत. माझा जन्म पालात झालाय."

तुपाची धार भाताबाहेर गेली. "अहो ताई, काय बोलताय? तुम्ही तर... म्हणजे तुम्ही तशा वाटत नाही हो."

"कशा?"

त्या वाईट बाई नाहीत. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम थकला. तुपाचं भांडं खाली ठेवून त्या इलोनाला म्हणाल्या, "आय ॲम सॉरी. आय डिडन्ट नो."

"आता माहीत झालं," इलोना म्हणाली. माफ केलं, असं म्हणाली नाही. भात मात्र तिने पुन्हा मागून घेतला.

सायलीकडे बघायचा धीर मला होत नव्हता. ती ताट घेऊन उठली आणि नळ सोडून उभी राहिली.

परत

पुढे काय झालं ते इथेच सांगते. मी फलटणला परतल्यावर इलोनाचा फोन आला. निकाल लागेपर्यंत क्लाराला गावातल्या नेहमीच्या शाळेत बसू द्या, असा हुकूम झालाय. ती दुसऱ्या बाकावर बसते. वस्तीतली बाकीची मुलं अजून त्या वेगळ्या शाळेतच आहेत. खटला चालू आहे. इलोनाच्या डेपोतल्या दोघांनी बातमी वाचली. एकाने येऊन हात मिळवला, दुसरा आता तिच्या टेबलावर जेवायला बसत नाही. सांगताना ती रडत नव्हती.

पण मला सांगायचा आहे तो रविवारचा परतीचा रस्ता. इलोना मागच्या सीटवर गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. पुन्हा तीच पांढरी शेतं. मिळालेला तास परत गेला होता. सायली समोर बघून गाडी चालवत होती.

"मला का नाही सांगितलंस?" शेवटी ती म्हणाली.

"तुला कुणी काही बोलू नये म्हणून."

"कुणी बोललं नाही, आई. पण मग मला काहीच माहीत नाही. आजोबा मला फक्त एका फोटोत माहीत आहेत. कोट घातलेले."

"तो कोट फोटोवाल्याचा होता."

ती हसली नाही. तिने पुढचा एक ट्रक मागे टाकला. मग तिने विचारलं, "पाल कुठे कुठे असायचं?"

मी सांगायला लागले. दिवाळीनंतर नातेपुते, मग माळशिरस, पिलीव. म्हसवडला यात्रेच्या वेळी. उन्हाळ्यात दहिवडी, पाऊस जवळ आला की पेरणीची अवजारं म्हणून लोणंद. एकेक नाव तोंडातून निघालं की त्या गावाची विहीर, त्या गावाचं कुत्रं, कुणी कुठे पाणी दिलं, कुणी हाकललं, सगळं बर्फावर उमटत गेलं. मला वाटलं होतं, हे सगळं विसरलेय.

"आणि विळ्याला पाणी कसं द्यायचे?" आता तिचा आवाज लॅबमधल्यासारखा झाला होता. "तापवून डायरेक्ट बुडवायचे, की आधी थोडं थंड करून?"

"एकदा बुडवायचे. मग बाहेर काढून धारेवर रंग चढू द्यायचे. आधी वाळल्या गवतासारखा, मग तपकिरी."

"आणि मग?"

"जांभळा यायच्या आत पुन्हा पाण्यात."

सायलीने गाडीचा वेग कमी केला. उजवीकडे विश्रांतीची जागा आली तशी तिने वळवली, बर्फात गाडी उभी केली आणि मागच्या बॅगेतून वही काढली. इलोनाला जाग आली. "पोचलो?" तिने विचारलं.

"नाही अजून," सायली म्हणाली. पेनचं टोपण दातांनी काढून ती माझ्याकडे वळली. "आजोबांचं पूर्ण नाव सांग. आधी ते लिहिते."